हळदीचा उजेड आणि काचेवरचं बोट

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या अंकातला मोबाइलच्या ओएलईडी पडद्यांवरचा लेख वाचला. किंमत, रंग, बॅटरी सगळं आलं, पण पडदा उजळतो कशानं आणि बिघडतो कशानं, ते राहिलं. मी अकरावी-बारावीला तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, म्हणून राहवलं नाही.

या पडद्यात उजेड देतात ते सेंद्रिय, म्हणजे कार्बनचे रेणू. आपल्या सांगलीची चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये ढवळून गाळा आणि अंधारात नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरा. हिरवट-पिवळा उजेड फुटतो, तो हळदीतल्या पिवळ्या रंगद्रव्याचा, कर्क्युमिनचा. वर्गातली मुलं अक्षरशः बाकांवर चढायची! पडद्यातले रेणू वेगळे, आणि त्यांना चेतवते वीज.

कोडॅक या कॅमेरा-फिल्मच्या कंपनीतल्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी 1987 मध्ये अशा सेंद्रिय रेणूंचा दिवा दहा व्होल्टच्या आत पेटवून दाखवला. त्यातले दोन सेंद्रिय थर मिळून जेमतेम 135 नॅनोमीटर जाडीचे, केसाच्या सुमारे पाचशेव्या हिश्श्याइतके. इतक्या पातळ थराखाली धुळीचा कण राहिला तर तिथे छिद्र राहतं, त्यातून ओल आणि ऑक्सिजन शिरतो, वरचा धातूचा थर सुटू लागतो आणि काळा ठिपका पसरत जातो. म्हणून काच साबणानं आणि द्रावकांनी धुतात, मग अतिनील दिव्याखाली ओझोननं साफ करतात. त्यानं बोटांचा तेलकटपणा तर जातोच, शिवाय काचेवरच्या पारदर्शक विद्युतवाहक थरातून धन प्रभार सेंद्रिय थरात सहज उतरतो.

आमच्या प्रयोगशाळेत मात्र स्लाइड नळाखाली धरायची, ओढणीला पुसायची, झालं. अशा काचेवर पाण्याचा थेंब फुगून बसतो. एका मुलीनं तीच स्लाइड चार वेळा धुतली. चौथ्यांदा थेंब सपाट पसरला, म्हणजे काच खरी स्वच्छ झाली, तेव्हा तिनं मला हाताला धरून ओढत नेऊन दाखवला. परीक्षेत त्या धुण्याला गुण शून्य, सगळे गुण प्रयोगात घेतलेल्या मोजमापांना आणि जर्नलला.

माझी मागणी एवढीच आहे. बारावीच्या प्रात्यक्षिकात काच धुऊन थेंब पसरवून दाखवण्याला दोन गुण ठेवावेत. लागतं काय, तर साबण, ऊर्ध्वपातित पाणी, थोडं स्पिरिट आणि दहा मिनिटं.

– एक निवृत्त शिक्षिका, विश्रामबाग, सांगली