ग्रुपवर न लिहिता फोन केलात, त्याबद्दल

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचे नाव कुठेही छापू नये असे तुम्ही बजावले आहे, त्यामुळे या पत्रात ते नाही. परंतु आमच्या न्यासाने गेल्या वर्षी ज्या 186 घरांना फोन करून क्षमा मागितली, त्या घरांना आम्हाला जागे कोणी केले हे अजून ठाऊक नाही. आपल्या मुलींची काळजी नागपुरातल्याच एका झेरॉक्स केंद्रावर बसणाऱ्या बाईंनी वाहिली, एवढे तरी त्यांना कळावे, म्हणून हे पत्र खुले लिहितो आहे.

चूक माझ्या हातची होती. दहावी उत्तीर्ण मुलींच्या फी-साहाय्याची निवडयादी जुलैतल्या एका संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास मी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाठवली. यादी गूगल शीटमध्ये होती. पालकांना मुलीचे नाव, शाळा आणि मंजूर रक्कम एवढेच दिसावे म्हणून मोबाइल क्रमांक, पत्ता, जात, कुटुंबाचे उत्पन्न, बँक खाते आणि आधार क्रमांक यांचे रकाने मी ‘हाइड’ केले, लिंक असलेल्या कोणालाही फाइल पाहता येईल अशी परवानगी दिली आणि लिंक टाकली. माझ्या पडद्यावर तीनच रकाने उरले होते. बाकीचे आता कोणाला दिसणार नाहीत असे मी धरून चाललो.

रात्री पावणेअकराला तुमचा फोन आला. एका पालकासाठी यादी छापायची म्हणून तुम्ही ती उतरवून घेतली होती. तुमचे पहिले वाक्य मला जसेच्या तसे आठवते: “काकाजी, रकाने लपले आहेत, गेले नाहीत. सगळ्या पोरींचे आधार नंबर माझ्यासमोर उघडे आहेत.” लपवलेला रकाना फाइलमध्येच राहतो, आणि फाइल उतरवून घेणारा किंवा तिची प्रत काढणारा माणूस तो क्षणात उघडू शकतो, ही गोष्ट बारा वर्षे संगणक वापरूनही मला माहीत नव्हती.

मी घाबरून आधी ग्रुपवरचा संदेश पुसायला निघालो होतो. तुम्ही थांबवलेत. संदेश पुसला तरी ज्याने लिंक आधीच उघडली किंवा पुढे पाठवली त्याच्यासाठी दार उघडेच राहते, म्हणून आधी फाइलची परवानगी बंद करायची आणि संदेश त्यानंतर पुसायचा, हा क्रम तुम्ही सांगितलात. मी फाइल उघडली तेव्हा वरच्या कोपऱ्यात प्राण्याच्या चित्राचे एक लहानसे चिन्ह दिसत होते. लिंकवरून आलेल्या अनोळखी वाचकाला गूगल असे चिन्ह देते, हे तुम्ही समजावलेत. तुमची फाइल तुम्ही केव्हाच बंद केली होती. म्हणजे त्या क्षणी आणखी कोणीतरी ती यादी वाचत होते. ते कोण होते हे आम्हाला आजतागायत कळलेले नाही, आणि त्या पाच तासांत किती जणांनी ती उतरवून घेतली हे कळण्याचा मार्गही नाही. ते चिन्ह अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

ताई, माझ्या कृतज्ञतेचे सर्वांत मोठे कारण हे की तुम्ही ग्रुपवर काही लिहिले नाहीत. ग्रुपमध्ये चारशेहून अधिक माणसे होती. “यादीत आधार नंबर दिसत आहेत” अशी एक ओळ तुम्ही चांगल्या हेतूने टाकली असती, तर ज्यांनी यादी नुसती वरवर पाहिली होती त्यांनीही ते रकाने शोधले असते. तुम्ही यादीच्या तळाशी असलेला माझा क्रमांक शोधलात, दोनदा लागला नाही तरी तिसऱ्यांदा लावलात, परवानगी बंद झाल्याची स्वतः लिंक उघडून खात्री केलीत आणि तुमच्या संगणकावरची प्रत मला सांगून पुसलीत. एवढे भान मी फार थोड्या माणसांत पाहिले आहे.

दुसऱ्या दिवशी मी आभार मानायला केंद्रावर आलो तेव्हा माझ्या लेखी प्रकरण संपले होते. तुम्ही विचारलेत, “आणि घरच्यांना कोण सांगणार?” खरे सांगायचे तर बैठकीत आमच्यापैकी दोघांचा याला विरोध होता; न्यासाचे नाव जाईल, लोक उगाच धास्तावतील, असे त्यांचे म्हणणे होते. तुमच्या एका उदाहरणाने तो विरोध मावळला. ज्याच्या हाती ही यादी असेल तो पाचपावलीतल्या एखाद्या आईला फोन करील, मुलीचे नाव, शाळा आणि मंजूर झालेली नेमकी रक्कम सांगेल आणि पैसे खात्यात टाकायचे म्हणून ओटीपी मागेल. एवढे सगळे खरे सांगणाऱ्या माणसावर ती माउली अविश्वास कशी ठेवील? आम्ही चौघांनी चार दिवसांत 186 घरांशी बोलणे केले. ज्यांचे फोन लागले नाहीत त्यांच्याकडे भर पावसात हिंगणा आणि कामठीपर्यंत जाऊन आलो. न्यासाकडून ओटीपी कधीच मागितला जात नाही, आधारचे बायोमेट्रिक एमआधार अ‍ॅपवरून लॉक करता येते, आणि पैसे गेलेच तर वेळ न दवडता 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे, हे तुम्ही लिहून दिलेले तीन मुद्दे आम्ही प्रत्येकाला सांगितले. तसा फोन दोन घरांना खरोखरच आला. तो याच यादीमुळे आला का, हे मी सांगू शकत नाही. पण दोन्ही आयांनी ओटीपी दिला नाही.

पुढे वाचताना कळले की हीच चूक फार मोठ्या यंत्रणेकडूनही झाली आहे. 8 ऑगस्ट 2023 रोजी उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलाने माहितीच्या अधिकारातील एका अर्जाला उत्तर म्हणून जी एक्सेल फाइल दिली, तिच्यात एक लपलेले पान राहून गेले होते आणि त्यातून 9,483 अधिकारी-कर्मचाऱ्यांची आडनावे, आद्याक्षरे, हुद्दे आणि नेमणुकीची ठिकाणे उघड झाली. तिथे पोलिसांवर हल्ले झालेले आहेत. माणसे जिवाच्या भीतीने राहिली. पुढे त्या दलाला साडेसात लाख पौंडांचा दंड झाला. कोणी संगणकात घुसले नव्हते. पाठवण्यापूर्वी एक पान कोणाच्या नजरेतून निसटले होते, इतकेच.

मी नागरिकशास्त्राचा शिक्षक होतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा 24 ऑगस्ट 2017 चा निकाल देणाऱ्या नऊ न्यायमूर्तींमध्ये आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते, हे मी वर्गात अभिमानाने सांगत असे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती फुटल्यास प्रत्येक बाधित व्यक्तीला कळवण्याची तरतूद आहे, हे मात्र मी नंतर वाचले. ती न वाचताच तुम्ही तोच आग्रह धरला होता.

तुमच्या आणखी एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले आहे. “मुळात आधार नंबर मागता कशाला?” असे तुम्ही विचारले होते. आम्ही जुने अर्ज काढून बसलो आणि आधार क्रमांकाचा आम्ही एकदाही उपयोग केला नव्हता, असे आढळले. पैसे खाते क्रमांकावर जातात आणि पासबुकाची प्रत त्यासाठी पुरते. यंदाच्या अर्जातून आधार आणि जात हे दोन्ही रकाने काढले आहेत. ओळखपत्र म्हणून कोणी आधार दिलेच, तर शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत स्वीकारायची असे ठरले आहे. निवडयादीत नावाऐवजी अर्ज क्रमांक राहील आणि ती यादी वेगळ्या, नव्या फाइलमध्ये केली जाईल.

नव्या अर्जाचा कच्चा मसुदा रविवारी सकाळी केंद्रावर घेऊन येतो. छपाईला देण्यापूर्वी तुम्ही तो एकदा नजरेखालून घालावा, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
न्यासाचा सचिव, नागपूर