चार ओळी बेसबॉललाही द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेचा दौरा करून आलेल्या एका लेखकाने बेसबॉलवर एक परिच्छेद लिहिला आहे. एक जण फेकतो, दुसरा आंधळेपणाने दांडकं फिरवतो, बाकीचे काहीतरी चघळत उभे राहतात आणि हे संपता संपत नाही, असा त्याचा सूर. मी मूळची मिरजेची. २००० साली लग्न होऊन वॉशिंग्टन राज्यात आले, सिएटलजवळ बॉथेलला राहते, एका दातांच्या दवाखान्यात हिशेब सांभाळते आणि सिएटल मॅरिनर्स या संघावर जीव टाकते. आपला अंक रोज वाचते. त्या परिच्छेदाला उत्तर द्यावं आणि आपल्याकडे एक मागणी करावी, म्हणून हे पत्र.

आधी आंधळेपणाचं बघू. पिचर ज्या फळीवरून फेकतो तिथपासून बॅटरपर्यंतचं अंतर ६० फूट ६ इंच. चांगल्या पिचरचा चेंडू ताशी १५० किलोमीटरच्या पुढे असतो आणि तो टप्पा खात नाही. बॅटरच्या हाती अर्धा सेकंदही नसतो, त्यातला निम्मा तर हा चेंडू सोडायचा की मारायचा हे ठरवण्यात जातो. बॅट गोल, चेंडूही गोल, आणि मारलेला चेंडू ठरलेल्या दोन रेषांच्या आतच जायला हवा. म्हणून दहातल्या तीन वेळा यशस्वी होणारा बॅटर इथे उत्तम समजला जातो. मी हजाऱ्यांच्या सांगलीशेजारी वाढलेली मुलगी, क्रिकेट माझ्या रक्तात आहे. पण समोरचा माणूस आता काय टाकणार याचा अंदाज बांधण्याचा हा खेळ मला जसा बेसबॉलमध्ये कळला, तसा आधी कळला नव्हता. तीन बॉल (बॅटच्या टप्प्याबाहेर टाकलेले चेंडू, चार झाले की बॅटरला फुकट पुढे जाता येतं), दोन स्ट्राइक (हुकलेले चेंडू, तीन झाले की बाद) झालेले असतात, पुढच्या एका चेंडूवर सगळं ठरणार असतं आणि ४० हजार लोक उभे असतात. आंधळेपणाला तिथे जागाच नाही.

या सगळ्याचा सूत्रधार असतो कॅचर. बॅटरच्या मागे उकिडवा बसतो तो. सामन्यात शंभराहून जास्त वेळा बसायचं, उठायचं, प्रत्येक चेंडू कुठला टाकायचा ते पिचरला सुचवायचं, नेम चुकलेले चेंडू अंगावर घ्यायचे. एवढं केल्यावर पुन्हा बॅट घेऊन स्वतः उभं राहायचं. आमचा कॅचर कॅल रॅली. त्याने २०२५ च्या हंगामात ६० होमरन (आपल्या षटकारासारखे थेट मैदानाबाहेर जाणारे फटके) मारले. त्याआधी कुठल्याही कॅचरने एका हंगामात ४८ पेक्षा जास्त मारले नव्हते. डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंनी फलंदाजी करणाऱ्यांत मिकी मँटलचा ५४ चा विक्रम १९६१ पासून टिकून होता, तोही मोडला. मराठी वर्तमानपत्रांत याची एक ओळही माझ्या नजरेला पडली नाही.

'संपता संपत नाही' हा आरोप तर जुना झाला. २०२३ पासून पिचरला घड्याळ लावलं आहे. बेसवर, म्हणजे धावताना थांबायच्या ठरलेल्या जागांवर, कुणी नसेल तर १५ सेकंदांत चेंडू टाकावाच लागतो. तीन तासांवर जाणारे सामने आता साधारण पावणेतीन तासांच्या आत आटोपतात. मला हे पटलं, कारण दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असतं. एका गोष्टीची मात्र चुटपुट लागते. दोन चेंडूंच्या मधल्या मोकळ्या वेळात रेडिओवर गोष्टी सांगितल्या जायच्या, ती जागा आक्रसली.

रेडिओबद्दल थोडं विस्ताराने लिहू द्या. मी इथे आले तेव्हा गाडी चालवता येत नव्हती, ओळखीचं कुणी नव्हतं, आणि मिरजेच्या शाळेत शिकलेलं इंग्रजी इथल्या लोकांच्या तोंडून ऐकताना अर्धं निसटायचं. २००१ च्या एप्रिलात नवऱ्याने दुकानातून एक छोटा रेडिओ आणला. त्यावर डेव्ह नीहाउस होते. १९७७ साली मॅरिनर्सचा पहिला सामना झाला, तेव्हापासून त्यांचं वर्णन करणारा हा आवाज. 'माय ओ माय' हे त्यांचे पेटंट उद्गार. तिन्ही बेसवर आपले खेळाडू असताना होमरन लागला की ते ओरडायचे, आजी, राईचा ब्रेड आणि मोहरी बाहेर काढ! पोळ्या लाटताना मी ते ऐकायची. हिरवळ ओली आहे, वारा डावीकडून येतोय, पिचरने टोपी नीट केली, हे सगळं मला न बघता दिसायचं. या माणसाने मला इंग्रजी शिकवलं आणि हे गावही दिलं. २०१० च्या नोव्हेंबरात ते गेले, तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखी रडले. मैदानात आता त्यांचा पुतळा आहे. जाईन तेव्हा आधी तिथे जाते.

आणि रेडिओ आला ते वर्ष कोणतं? २००१. मॅरिनर्सने १६२ पैकी ११६ सामने जिंकले, १९०६ च्या शिकागो कब्जच्या विक्रमाची बरोबरी केली. त्याच वर्षी जपानहून इचिरो सुझुकी आला. इथले जाणकार म्हणत होते, जपानी पिचर चालतील, पण बारीक अंगाचा जपानी बॅटर इथे टिकणार नाही. तो पहिल्याच वर्षी सर्वोत्तम नवोदितही ठरला आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडूही. २००४ मध्ये त्याने २६२ हिट (चेंडू मारून बेस गाठणारे फटके) मारून जॉर्ज सिस्लरचा १९२० पासूनचा २५७ चा विक्रम मोडला. इचिरो दुभाष्यामार्फत बोलायचा, पण बॅट हातात घेऊन उजवा हात पुढे करून उभा राहिला की सबंध मैदान त्याचं व्हायचं. परक्या देशात नव्याने आलेल्या बाईला त्याचं काय वाटलं असेल, ते आपल्या वाचकांपैकी ज्यांची मुलं परदेशी आहेत त्यांना कळेल. २०२५ मध्ये त्याची हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या दालनात, निवड झाली, ३९४ पैकी ३९३ मतांनी. ते एक मत कुणी दिलं नाही, याचा राग मला अजून आहे.

२००१ नंतर मात्र सलग वीस हंगाम आम्ही बाद फेरीत पोचलो नाही. शेवटी शेवटी तर अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये चालू असलेली ही सर्वांत लांब उपासमार होती. मंडळातले लोक विचारायचे, हरणाऱ्या संघाचा एवढा सोस कशाला? बेसबॉल हा सणासारखा वर्षातून दोनदा येणारा खेळ नाही, हे त्यांच्या लक्षात येत नसे. मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत १६२ सामने, म्हणजे जवळजवळ रोज. उत्कृष्ट संघही साठेक सामने हरतो. काल हरलात तर आज संध्याकाळी ६.४० ला पुन्हा मैदानावर उभं राहायचं असतं. माझं घर या वेळापत्रकावर चालतं. मंगळवारी भाजी आधी चिरून ठेवायची. बुधवारचा सामना दुपारी असला तर डबा गाडीत बसून खायचा आणि रेडिओ लावायचा. गणपतीच्या दिवसांत इथे शर्यत ऐन रंगात आलेली असते, तेव्हा आरती म्हणायची मनापासून आणि प्रसाद वाटून झाला की लेकीला गुण विचारायचे.

गुणांची वही हे माझं वेगळं प्रेम. शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहायच्या, त्यांनी मला ती लिहायला शिकवलं. प्रत्येक जागेला आकडा असतो, पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, असं करत उजवीकडचा क्षेत्ररक्षक ९. शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला खेळाडू, आकडा ६) चेंडू अडवून दुसऱ्या बेसवर दिला, तिथून पहिल्यावर गेला आणि दोघे बाद झाले, की लिहायचं ६-४-३. बॅट न फिरवता तिसरा स्ट्राइक गेला तर इंग्रजी के हे अक्षर उलटं काढायचं. हिशेबाची सवय असलेल्या माणसाला यात जे सुख आहे ते काय सांगू! कपाटात माझ्या वह्यांची रांग आहे आणि कुठल्याही पानावरून तो सामना मी आजही उभा करू शकते.

एका पानाला मात्र दुसरा कागद चिकटवावा लागला. ३० सप्टेंबर २०२२ ला कॅल रॅलीने नवव्या, म्हणजे एरवीच्या शेवटच्या, इनिंगमध्ये, दोन बाद असताना, होमरन मारून आमचा उपास सोडला. पंधरा दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, २१ वर्षांत पहिल्यांदा बाद फेरीचा सामना सिएटलमध्ये झाला. समोर ह्यूस्टन. मी आणि लेक मैदानात होतो. दुपारी एकला सुरू झालेला खेळ नऊ इनिंगनंतर ०-०, बारा इनिंगनंतर ०-०, पंधरानंतरही तेच. वहीचे रकाने संपले. अनोळखी लोक एकमेकांना खाऊ देत होते, शेजारच्या रुळांवरून जाणारी आगगाडी शिटी देत होती. इथलं सरकतं छप्पर वरून झाकतं, बाजूंनी उघडंच असतं, त्यामुळे गावाचे आवाज आत येतात. अठराव्या इनिंगमध्ये ह्यूस्टनच्या जेरेमी पेन्याने होमरन मारला आणि आम्ही १-० हरलो. ६ तास २२ मिनिटं. तरी लोक जागेवर उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी इतकी वर्षं ज्यांच्यात राहते ती माणसं मला त्या संध्याकाळी आपली वाटली.

गेल्या दिवाळीचं लिहिताना हात जड होतो. २० ऑक्टोबर २०२५, आमच्याकडे लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ, आणि तिकडे टोरांटोत, टोरांटोच्या संघाविरुद्ध, अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेचा निर्णायक सातवा सामना. जिंकलो असतो तर संघ १९७७ पासून पहिल्यांदाच वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अजिंक्यपदाच्या मालिकेत, गेला असता. तिथे कधीच न पोचलेला मॅरिनर्स हा एकमेव संघ आहे. हुलिओ रॉड्रिगेसचा होमरन झाला, रॅलीचाही झाला, आम्ही ३-१ ने पुढे होतो. पूजा आटोपून मी नैवेद्याचं ताट हलवत होते. सातव्या इनिंगमध्ये दोघे बेसवर असताना टोरांटोच्या जॉर्ज स्प्रिंगरने होमरन मारला आणि आम्ही हरलो. ४-३. शेवटचे आठ खेळाडू बाद करायला आमचा सर्वात भरवशाचा पिचर मुन्योझ तिथेच आणायला हवा होता, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही ठामपणे वाटतं. वर्षभराची पुंजी एकाच चेंडूवर लागलेली असताना उद्यासाठी राखून कशाला ठेवायचं?

आता मागणी. २००८ मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भारतीय मुलांना पिट्सबर्गच्या संघाने करारबद्ध केलं, तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत कौतुकाच्या चौकटी आल्या. कुतूहल ओसरलं आणि बेसबॉलही गायब झाला. १२ सप्टेंबर २०२४ ला टेक्सास रेंजर्सकडून कुमार रॉकर या पिचरने सिएटलमध्येच, आमच्याविरुद्ध, पदार्पण केलं. त्याची आई भारतीय वंशाची. मोठ्या पडद्यावर 'कुमार' हे नाव झळकलं आणि त्याने आमचे बॅटर एकामागून एक बाद केले, तेव्हा प्रतिस्पर्धी असूनही मी टाळ्या वाजवल्या. २०२३ मध्ये नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत टोरांटोने अर्जुन निम्मला या मुलाला पहिल्याच फेरीत घेतलं, त्याचेही आईवडील भारतातून आलेले. ही मुलं खेळत आहेत. त्यांच्याकडे एखाद्या वेळी आश्चर्य म्हणून बघण्यापेक्षा रोज बघावं.

म्हणून विनंती अशी, की मार्चअखेर हंगाम सुरू झाला की क्रीडापानावर रोज चार ओळी द्या. कोण जिंकलं, पिचर कोण होता, कुणी होमरन मारला. इंग्लिश फुटबॉलच्या निकालांना आपण जागा देताच. वेळेचीही अडचण नाही. सिएटल, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो इथले संध्याकाळचे सामने भारतात सकाळी सात-साडेसातला सुरू होतात. इकडे ६.४० म्हणजे तिकडे दुसऱ्या दिवशीचे ७.१०. मिरजेत माझे मोठे बंधू चहाबरोबर मॅरिनर्स बघू लागले आहेत आणि आता मला फोन करून पिचर बदलण्यावर वाद घालतात.

आणि अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी मुलामुलींना आपल्या पत्रातून सांगते: पहिल्या उन्हाळ्यात घरी एकटं बसू नका. वरच्या मजल्यावरचं स्वस्त तिकीट काढा, शेजारच्या माणसाला काय चाललंय ते विचारा. तो नऊ इनिंग समजावत बसेल, मला खात्री आहे.

आपल्या उपसंपादकांपैकी कुणाला नियम समजून घ्यायचे असतील तर मी आनंदाने फोनवर सांगेन. भारतातल्या सकाळी दहानंतर केव्हाही चालेल, तोवर आमचा सामना संपलेला असतो.

आपली नियमित वाचक,
बॉथेल, वॉशिंग्टन राज्य (मूळ गाव मिरज)