औषधे हातातल्या बॅगेत ठेवा

नेरूळ, नवी मुंबई

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा शेंगेन व्हिसा आल्याचे कळले आणि फार आनंद झाला. स्वित्झर्लंड पाहून पुढे पॅरिसला दादाकडे, असा प्रवास तुम्ही दोघेच करणार आहात, म्हणून मला परदेशात अनुभवाने कळलेल्या काही गोष्टी फोनवर न सांगता कागदावर लिहीत आहे. कागदावरचे बाबा पुन्हा पुन्हा वाचतात, हे मला माहीत आहे.

सर्वांत आधी औषधांचे. मागच्या वर्षी मी झुरिकला उतरले तेव्हा माझी बॅग मधल्या विमानतळावरच राहिली आणि थायरॉइडच्या गोळ्या नेमक्या तिच्यात होत्या. औषधांच्या दुकानात मी गोळीचे आपल्याकडचे नाव सांगत राहिले. ते तिथे कोणालाच ठाऊक नव्हते आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून गोळी मिळेना. बॅग तिसऱ्या दिवशी आली. माझे काही बिघडले नाही, पण बाबांच्या रक्तदाबाच्या गोळीचे किंवा आईच्या इन्सुलिनचे तसे होऊन चालणार नाही. म्हणून मुक्कामापेक्षा आठवडाभर अधिक पुरतील एवढी औषधे गोखले रोडवरच्या आपल्या नेहमीच्या दुकानातून आणा, ती मूळ पाकिटांतच राहू द्या आणि डॉक्टरांकडून कंपनीच्या नावाऐवजी मूळ औषधाचे नाव लिहिलेली इंग्रजी चिठ्ठी घ्या. हे सारे हातातल्याच बॅगेत ठेवायचे. इन्सुलिन खालच्या सामानात गोठू शकते, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वापरता येत नाही.

बॅग आलीच नाही, तर सामानाच्या पट्ट्याजवळच्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. त्या काळात घेतलेल्या कपड्यांच्या, टूथब्रशच्या पावत्या जपून ठेवा, कारण आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाच्या माँट्रियल कराराप्रमाणे बॅग हाती आल्यापासून २१ दिवसांच्या आत विमान कंपनीकडे लेखी भरपाई मागता येते. बॅग मोडली असेल, तर ही मुदत फक्त ७ दिवसांची आहे.

आई, तू दादासाठी अनारसे करणार आहेस, पण तुमचे विमान दुबईत बदलायचे आहे आणि अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. तुझ्या गोड्या मसाल्यातही खसखस असते, तेव्हा तोही नको. पेढे आणि तूप युरोपीय संघात बाहेरून नेऊ देत नाहीत. चकली आणि चिवडा ने, दादाला तेही तितकेच आवडते.

कार्डाने पैसे देताना यंत्र रुपयांत की तिथल्या चलनात असे विचारते. रुपये ओळखीचे वाटतात, पण त्यात दर महाग लावलेला असतो, म्हणून नेहमी युरो किंवा स्विस फ्रँक निवडा.

स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोख या उंच डोंगरावरच्या रेल्वे स्टेशनबद्दल मात्र मला खरी काळजी वाटते. बाबा, तुम्ही कळसूबाई चढला आहात, पण ते शिखर १,६४६ मीटर उंच आहे आणि युंगफ्राउयोखचे स्टेशन ३,४५४ मीटरवर, म्हणजे दुपटीहून वर आहे. तिथे चढण नसते, गाडीच वर नेते, त्यामुळे शरीराला उंचीची सवय व्हायला वेळच मिळत नाही. आधी डॉक्टरांना विचारा. वर पोहोचल्यावर सावकाश चाला आणि डोके जड झाले किंवा धाप लागली, तर पुढच्याच गाडीने खाली या. तिकीट महाग आहे म्हणून तिथे थांबू नका, आणि आईला काही होत असेल तर तिने ते तुमच्यापासून लपवू नये.

लपवण्यावरून आठवले. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा लागतो आणि तो तुम्ही घेतला आहे, पण अर्जात बाबांचा रक्तदाब आणि आईचा मधुमेह लिहिला आहे का? न सांगितलेल्या आजाराचा दावा नाकारला जाऊ शकतो. लिहिला नसेल, तर निघण्यापूर्वी तो नोंदवून घेऊ.

येत्या रविवारी मी ठाण्याला येत आहे. विम्याचा कागद आणि दोघांच्या गोळ्यांची सगळी पाकिटे जेवणाच्या टेबलावर काढून ठेवा, म्हणजे डॉक्टरांना द्यायची यादी तिथेच बसून करता येईल.

तुमची,
सोनू