दाढा असलेले पापलेट

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतील माशांवरचा लेख मी दोनदा वाचला. तळ्यात किंवा पिंजऱ्यात पोसलेल्या माशापेक्षा समुद्रात पकडलेला मासा हृदयाला अधिक हितकर, या त्याच्या मूळ म्हणण्याशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते 'जंगली मासे' या शब्दप्रयोगापासून पुढच्या जवळजवळ प्रत्येक ओळीशी. मासे जंगलात राहत नाहीत, हे एक वेळ सोडून देऊ. पण 'सॅमन' लिहून पुढे कंसात 'रावस' छापणे हे कोकणात जन्मलेल्या माणसाने सोडून देण्यासारखे नाही. रावस हा सॅमनचा कोणीही लागत नाही. इंग्रजी मेन्यूकार्डांनी त्याला 'इंडियन सॅमन' म्हटले, एवढेच काय ते नाते.

शिवाय आपण ज्या सॅमनची शिफारस केली आहे, तो पुण्यात मिळतो कोठे? मोठ्या दुकानांतून येणारा नॉर्वेचा सॅमन समुद्रात टांगलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात खाद्य घालून वाढवलेला असतो, आणि त्याच्या मांसाचा गुलाबी रंगसुद्धा खाद्यात मिसळलेल्या रंगद्रव्यातून येतो. मोकळ्या पाण्यातलाच हवा असेल, तर अलास्काचा शोधावा लागेल, कारण त्या राज्याने 1990 साली माशांच्या शेतीवर कायद्याने बंदी घातली. कोथरूडच्या हृदयरुग्णाने एवढा प्रवास करावा, असा लेखिकेचा आग्रह नसावा.

मी स्वतः हृदयरुग्ण असल्यामुळे हे लिहीत आहे. दोन वर्षांपूर्वी माझी अँजिओप्लास्टी झाली आणि डॉक्टरांनी मटण बंद करून आठवड्यातून दोनदा मासे खाण्यास सांगितले. त्यानुसार घराजवळच्या एका दुकानातून मी दर बुधवारी आणि रविवारी पापलेट आणू लागलो. दुकानदार मोठ्या तत्परतेने मुंडके उडवून तुकड्या करून देत असे. भाव बाजारापेक्षा बराच कमी होता आणि ते मी माझ्या घासाघिशीचे यश समजत होतो. दीडेक महिन्याने मेहुणे जेवायला यायचे होते आणि पत्नीला भरलेले पापलेट करायचे होते, म्हणून प्रथमच अख्खे मासे घरी आले. तिने ते धुवायला घेतले आणि मला स्वयंपाकघरात बोलावून एवढेच म्हणाली, "अहो, या पापलेटाला दाढा आहेत."

खरोखरच होत्या. माणसाच्या असतात तशा, चौकोनी आणि ओळीने बसवलेल्या. पापलेटाचे तोंड इवलेसे असते, त्याच्या घराण्यात असले दात कोणी पाहिलेले नाहीत. तो रूपचंद होता: मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला, पाण्यात पडलेल्या कठीण कवचाच्या बिया फोडून खाणारा, आणि आपल्याकडे मुख्यतः आंध्र प्रदेशातल्या तळ्यांतून येणारा. दुसऱ्या दिवशी मी जाब विचारला तेव्हा दुकानदार जराही न ओशाळता म्हणाला, "साहेब, ते गोड्या पाण्यातलं पापलेट. तुम्हाला फरक कळला का आजवर?" कळला नव्हता, हे मान्य करणे भाग आहे. (मेहुण्यांनी दोन खाल्ले आणि कृती विचारून घेतली.)

रूपचंद खाऊन मला अपाय झाला असे मी म्हणत नाही. प्रथिने त्यातही असतात. पण डॉक्टरांनी मासे सांगितले ते ओमेगा-3 साठी, आणि हे मेदाम्ल मासा स्वतः फारसे तयार करत नाही. समुद्रातली सूक्ष्म शैवाले ते तयार करतात, प्लवकांवर जगणाऱ्या तारलीच्या आणि बांगड्याच्या अंगात ते साठते, आणि त्यांना खाणाऱ्या मोठ्या माशांकडे जाते. तळ्यातल्या माशाला भाताचा कोंडा आणि पेंड घातली, तर त्याच्या चरबीत कोंडा आणि पेंडच उतरणार. लेखात ही गोष्ट चार ओळींत सांगता आली असती. त्याऐवजी अर्धे पान लिंबाची फोड ठेवलेल्या सॅमनच्या छायाचित्राला गेले आणि ओमेगा-3 मध्ये सॅमनच्या पंगतीला बसणाऱ्या तारलीचा नामोल्लेखही झाला नाही. तारली स्वस्त असते, काटेरी असते आणि छायाचित्रात बरी दिसत नाही, हा तिचा अपराध. तीच तारली टनावारी फिशमीलच्या कारखान्यात दळली जाते आणि तळ्यातल्या कोळंबीचे खाद्य बनते, हे तर कोणी लिहितच नाही. उलट 'समुद्रातला कोणताही मासा निर्धोक' असे एक वाक्य मात्र ठोकून दिले आहे. मुशी किंवा मोठा ट्यूना यांच्या अंगात पारा साठतो, म्हणून गरोदर स्त्रियांना असे मासे टाळायला सांगतात, याचा लेखिकेला विसर पडला असावा.

परंतु माझी खरी तक्रार अशी आहे की, समुद्रातलाच मासा घ्या असे वाचकाला सांगायचे, तर तो समुद्रातला आहे हे त्याने ओळखायचे कसे? अमेरिकेत 2005 पासून मोठ्या दुकानांना मासा पकडलेला आहे की शेतीतला, हे लिहावे लागते. युरोपीय संघातही 2013 च्या नियमाने ते बंधनकारक आहे. आमच्या भागातल्या एकाही दुकानात मी अशी पाटी पाहिलेली नाही. रुपेरी पापलेटाला 2023 साली राज्यमाशाचा मान मिळाला. त्याच्या नावावर दुसराच मासा विकला जाऊ नये, एवढा तरी लाभ त्या मानातून व्हायला हवा होता.

आणि घाऊक बाजाराला हे ठाऊक नसते असे थोडेच आहे? आजच्याच अंकात गणेश पेठेतील मासळीची आवक देताना आपण खोल समुद्रातील, खाडीची, नदीची आणि आंध्रातून आलेली रहू, कतला, सीलन असे चार भाग नीट पाडले आहेत. गणेश पेठेत जे सर्वांना माहीत असते, ते माझ्या गल्लीपर्यंत येताना नेमके कोठे गळून पडते? त्यातही आंध्राची मासळी तळ्यात वाढवलेली असते, हा शब्द आपण कधी छापलेला मला आठवत नाही. जाता जाता हेही सांगतो की, बांगडा आणि तारली यांना आपल्या या सदरात कित्येक वर्षे 'खाडीची मासळी' या मथळ्याखाली बसवले जाते. ते दोघेही समुद्राचे रहिवासी आहेत. याबद्दल मी पूर्वीही एक पत्र पाठवले होते, ते आपल्यापर्यंत पोहोचले नसावे.

तेव्हा सोमवारच्या दरपत्रकात 'तळ्यातील मासळी' असा एक स्वतंत्र मथळा सुरू करावा आणि त्याखाली रूपचंदला त्याच्या स्वतःच्या नावाने जागा द्यावी, ही विनंती. तोवर आम्ही मासा मुंडक्यासकट घेतो आणि दुकानातच त्याचे तोंड उघडून पाहतो. दुकानदाराला ते आवडत नाही.

आपला,
एक जुना वाचक, कोथरूड, पुणे