अभ्यास व चर्चागटाची बैठक : सभासदांना सूचना

सर्व ग्रंथालय कर्मचारी सभासदांना कळविण्यात येते की, आपल्या चर्चागटाची पुढील बैठक ग्रंथपाल दिनी, म्हणजे १२ ऑगस्ट रोजी, दुपारी ३ वाजता वाचनालयाच्या सभागृहात होईल. ड्यूई दशांश वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देण्याच्या पद्धतीत, मराठी साहित्याला ८९१.४६ हा क्रमांक दिल्यानंतर कविता, नाटक, कादंबरी अशी पुढील विभागणी लहान वाचनालयांनी कुठवर करावी, हा या वेळचा विषय आहे. वर्गांक ठरवताना अडलेली दोन-तीन पुस्तके प्रत्येकाने सोबत आणावीत, कारण सहकाऱ्याने तीच अडचण कशी सोडवली हे पाहून व्याख्यानापेक्षा अधिक शिकता येते, असे आम्हाला मनापासून वाटते. गावात एकट्याने वाचनालय सांभाळणाऱ्या सभासदांनी, प्रमाणपत्र वा पदविका नसल्याचा संकोच न बाळगता, अवश्य यावे. उपस्थिती ५ ऑगस्टपर्यंत कार्यवाहांना कळवावी.