गुळाचा रंग चुलवाणावर ठरतो

मा. संपादक,

गुऱ्हाळे पेटली की ‘काळा गूळ सेंद्रिय, पिवळा रसायनाचा’ हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. तो अर्धाच खरा आहे. हायड्रॉस (रंग उडवणारी गंधकयुक्त पूड) टाकून गूळ पिवळा करतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आदण, म्हणजे काहिलीत (मोठ्या कढईत) उकळणारा रस, करपले तरी गूळ काळाच होतो, आणि हल्ली तो करपलेला गूळही ‘सेंद्रिय’ म्हणून चढ्या भावाने खपतो.

ताजा रस आंबट असतो, सामू (पीएच) साधारण ५.२ ते ५.५. तसाच तापवला तर उसाची साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात. मग ढेप नीट बसत नाही, पावसाळ्यात हवेतला ओलावा ओढून पाघळते. म्हणून चुन्याची निवळी घालून सामू साडेसहाच्या आसपास आणतात. इथे हात सैल सुटला आणि सामू सातच्या वर गेला, की तीच फुटलेली साखर चुन्यात तापून काळी पडते. रसातल्या मळीचे, म्हणजे गाळाचेही तसेच. भेंडीचा चिकट रस घातला की ती गोळा होऊन वर येते. उकळी फुटण्याआधी काढली नाही तर रसात मिसळून बसते आणि पुढे तळाशी लागते.

खरी कसोटी शेवटी आहे. १०० किलो रसात सुमारे ८० किलो पाणी असते. त्यातले सत्तर किलोहून जास्त पाणी काहिलीतला रस १०५-१०६ अंशांवर, म्हणजे काकवीच्या अवस्थेत, येईपर्यंतच उडून जाते. तोवर जाळ कितीही मोठा चालतो, किंबहुना मोठाच हवा. रेंगाळत शिजलेला रस अधिक काळवंडतो. तिथून ११८ अंशांपर्यंत फक्त चार-पाच किलो पाणी जायचे असते, म्हणून पारा भराभर चढतो. जाळ सांभाळणाऱ्या चुलव्याने इथे चिपाड टाकणे थांबवले नाही, तर दोन-चार मिनिटांत आदण करपते. पाकाचा थेंब गार पाण्यात सोडून त्याची घट्ट गोळी झाली, की गुळव्या, म्हणजे पाक पारखणारा कारागीर, काहील उतरवायला सांगतो. वाफ्यात, म्हणजे गूळ गार करायच्या उथळ हौदात, ओतल्यावरही वाफ निघतच असते, तेवढी सूट धरूनच काहील उतरवावी लागते.

थर्मामीटर वापरणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे: कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे, तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. म्हणून ११८ हा आकडा पाठ करण्याऐवजी आधी साधे पाणी उकळून पारा बघावा आणि त्यावर १८ अंश धरावेत.

हायड्रॉसने घालवलेला रंग टिकत नाही, हवा लागून काही महिन्यांत ढेप काळवंडते. पण सौद्यात भाव त्या दिवशीच्या रंगाला मिळतो, त्यामुळे हायड्रॉसचा डबा गुऱ्हाळावरून हलत नाही. ग्राहकाने रंगापेक्षा चव बघावी. जिभेवर कडवट चरका लागला तर गूळ करपलेला आहे. खारट लागला तर बहुधा ऊस क्षारपड रानातला आहे. खडा कोमट पाण्यात विरघळवून तासभर ठेवावा. तळाशी पांढरा थर बसला तर खडूची भेसळ असू शकते. हायड्रॉस मात्र घरी ओळखता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत सल्फर डायऑक्साइड तपासावा लागतो, आणि ‘रसायनमुक्त’ छापणाऱ्या विक्रेत्याकडे तोच अहवाल मागावा.

— गूळ व्यवसायातील एक वाचक, ता. करवीर