बाबा, आता फाइलींना नंबर देत बसू नका

प्रिय आई-बाबा,
सा. न.

आधी काय केलंय ते सांगून टाकते, कारणं मागाहून. घरच्या सर्व्हरवरच्या सगळ्या गाण्यांचा क्रम मी इथे बसून लावला आहे. आणि बाबा, तुमच्या खात्यातून फाइलींची नावं बदलायची आणि फाइल उडवायची सोय मी काढून टाकली आहे. ऐकण्यातलं काहीही गेलेलं नाही. तुमची आवडती यादी, तुम्ही दिलेले तारे, सगळं जागच्या जागी आहे.

तुमच्यावर भरवसा नाही म्हणून नाही हो. डोळ्याच्या ऑपरेशननंतर स्क्रीनसमोर किती बसायचं हे डॉक्टरांनी माझ्यासमोरच सांगितलं होतं. आणि जेवणं झाली की तुम्ही मान वाकवून एकेका फाइलीला नंबर देत बसता, हे मला कळलं. (आईला बोलू नका, मीच खोदून खोदून विचारलं.) एवढं करून दुसऱ्या दिवशी क्रम विस्कटलेलाच, मग पुन्हा बैठक! हे थांबवायला मला दुसरा उपाय सुचला नाही.

तुमचं काम चोख होतं, फक्त सर्व्हर ते बघतच नव्हता. तुम्ही नंबर घातलेत फाइलीच्या नावात आणि तो वाचतो फाइलीच्या पोटातला टॅग, म्हणजे आत लिहिलेली गाण्याची माहिती. तिथली ट्रॅक नंबरची जागा रिकामी दिसली की तो गाणी अकारविल्हे लावून मोकळा होतो. पेन ड्राइव्हवर नावाप्रमाणे लागतात म्हणावं, तर तिथे १ च्या पाठोपाठ १० आणि ११ वाजून मग २ येतं, कारण वाजवणारं यंत्र आकडा न वाचता एकेक चिन्ह ताडून बघतं. म्हणून आता नावांत ०१, ०२ केलंय आणि टॅगमध्येही नंबर भरलेत. जुन्या एमपी३ फाइलींची तर गोष्टच वेगळी. १९९६ मध्ये निघालेल्या पहिल्या आयडी३ टॅगमध्ये गाण्याच्या नावाला ३० अक्षरं होती आणि ट्रॅक नंबरला जागाच नव्हती. पुढच्या वर्षी शेऱ्याच्या ३० अक्षरांतली दोन कापून नंबरला जागा केली. तेव्हा ज्यांनी फाइली बनवल्या त्यांनी नंबर लिहायचा तरी कुठे?

सगळ्यात घोळ त्या दोन सीडींच्या मैफलीत होता. दोन्ही सीडींवर पहिला ट्रॅक आहेच, आणि डिस्क नंबर कुठेच नव्हता. सर्व्हरने आपलं १, १, २, २ लावलं. पहिल्या सीडीवरचा विलंबित संपून द्रुत सुरू व्हायचा, तर मध्येच दुसऱ्या सीडीचा वेगळाच राग. तुम्ही म्हणालात ना, की बुवांना आज झालंय तरी काय? बुवांना काही झालं नव्हतं. आता डिस्क १ आणि २ नीट लिहिलंय. कॅसेटींवरून उतरवलेल्यांनाही हीच युक्ती केली, ए बाजू म्हणजे डिस्क १, बी बाजू म्हणजे डिस्क २. आई, अनेक गायकांच्या तुझ्या त्या संचाचे तुकडे तुकडे झाले होते ना, दर गायकाचा वेगळा अल्बम? ‘अल्बम आर्टिस्ट’ या रकान्यात सगळीकडे ‘विविध कलाकार’ लिहिलं आणि संच पुन्हा एक झाला.

ज्या कॅसेटींची कव्हरं हरवली, त्यांचा क्रम कुठे शोधायचा हा प्रश्नच होता. मग आठवलं, एक गाणं संपून दुसरं लागायच्या आत, त्या एवढ्याशा शांततेत, आई, तू पुढच्याची सुरुवात गुणगुणायचीस. मी पांघरुणात डोळे मिटून तुझा सूर आणि टेपचा सूर जुळतो का बघत असे. जुळायचाच असं नाही (टेप जरा जलद फिरायची), पण गाणं तेच असायचं. त्या भरवशावर लावलेत नंबर. काही कॅसेटी मात्र अडल्यात. फोनवर मी शेवटची ओळ ऐकवीन, तू पुढचं सांग.

बाबा, तुमची मूळ नावं मी पुसलेली नाहीत. हात लावण्याआधी सगळ्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली आणि मगच टॅग बदलले. शेऱ्याच्या रकान्यातल्या तुमच्या टिपणांतलं एक अक्षरही हललेलं नाही. ‘तबला फार पुढे’ तर मी दोनदा वाचलं, बरोबर आहे तुमचं.

आता नीट ऐका. मैफल ऐकायची तर अल्बम उघडूनच लावा. ‘सगळी गाणी’मध्ये जाऊन शोधू नका, तिथे क्रम राहत नाही. एकमेकांना छेदणारे दोन बाण म्हणजे शफल, गाणी उलटसुलट लावणारं बटण, त्यांचा रंग बदललेला दिसला तर बंद करा, नाहीतर मी केलेलं सगळं वाया. सर्व्हर भिंतीवरच्या बटणाने बंद करायचा नाही, कधीच नाही. फोनवर अजून जुना क्रम दिसला तर ॲप पूर्ण बंद करून उघडा, तरीही दिसला तर मला कळवा, स्वतः खटपट नको. आणि क्रम बरोबर आहे का ते ताडायला माळ्यावरच्या सीडी काढायच्या नाहीत. स्टुलावर चढलात हे कळलं ना, तर बघा!

नंबर देण्यातच तुमची संध्याकाळ बरी जात होती, हे मला कळतं बाबा. अडलेल्या कॅसेटींचं काम तुमच्याकडेच ठेवलंय, पण कागदावर, मोठ्या अक्षरांत. बाजू, क्रम, राग, एवढं लिहा आणि फोटो पाठवा. टॅगमध्ये मी भरते.

तुमची,
धाकटी

ता. क. बाबा, थेंब घातल्यावर लगेच कागद घेऊन बसायचं नाही. आई, लक्ष ठेव.